जकातीचा हिशेब आणि झकेरियांचे महाविद्यालय

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की अंबाजोगाईतल्या मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब निघतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के हिस्सा गरजूंचा. तो त्यांचा हक्कच मानला जातो. त्याच्या जोडीला 'सदका-ए-जारिया' आहे, म्हणजे करणारा गेल्यावरही लोकांच्या उपयोगी पडत राहणारे सत्कार्य : विहीर, झाड, शाळा.

मराठवाड्यात अशा कार्याचे नाव घ्यायचे तर डॉ. रफिक झकेरिया आठवतात. 1920 साली नालासोपाऱ्यात जन्मलेले झकेरिया लंडन विद्यापीठाचे पीएच.डी. आणि बॅरिस्टर. 1962 साली औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, ते विधानसभेवर निवडून आले. राज्यात अनेक वर्षे मंत्री राहिले, पुढे राज्यसभेत गेले. 1965, 1990 आणि 1996 साली संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. 2005 साली त्यांचे निधन झाले.

यातली कोणती खाती त्यांच्याकडे कधी होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. 1963 साली त्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले मौलाना आझाद महाविद्यालय मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्या परिसराला आता त्यांचेच नाव आहे.

त्या काळात हे काम सोपे नव्हते. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. 1948 नंतर तो बदलला आणि उर्दूत शिकलेल्यांच्या हातची कामे गेली. ज्यांना जमले ते हैदराबादला गेले, काही सरहद्दीपलीकडे गेले. मागे राहिलेल्यांत कारागीर, मजूर, लहान दुकानदार अधिक. मतदारसंघ मिळाल्यावर या समाजाला भावनेवर खेळवणे सहज शक्य होते. झकेरियांनी त्याला महाविद्यालय दिले, आणि त्याचे दार सर्व समाजांच्या मुलांसाठी उघडे ठेवले.

लेखणीनेही त्यांनी सोयीची बाजू धरली नाही. सलमान रश्दींच्या कादंबरीवरून वातावरण तापले, तेव्हा त्यांनी प्रेषितांचे चरित्र आणि कुराण यांवर पुस्तक लिहून उत्तर दिले. सरदार पटेल मुस्लिमविरोधी होते हा समज त्यांनी खोडून काढला. फाळणीबद्दल जीनांना जाब विचारला. मुसलमानांचे कुठे चुकले, असे थेट विचारणारे पुस्तकही त्यांनी अखेरच्या काळात लिहिले. दोन्हीकडचे लोक नाराज झाले असतील, पण त्यांनी लिहिणे थांबवले नाही.

शाळा गावाला कुठे नेते, हे अंबाजोगाईला वेगळे सांगायला नको. हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांनी इथल्या योगेश्वरीच्या शाळेत शिकवले. इथले वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव सांगते.

प्रश्न आहे तो या रमजानचा. जकातीची रक्कम पन्नास-शंभरांच्या नोटांत दारोदार वाटली जाते. भुकेल्याला ती मिळायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण बारावीनंतर फीअभावी घरी बसलेली मुलगी भीक मागायला दारात येत नाही, म्हणून ती हिशेबातून सुटते. जकात गरजूच्या हातात पडली पाहिजे, इमारतीला ती चालत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. गरीब विद्यार्थी तर गरजूच आहे. एका मोहल्ल्यातल्या दहा घरांनी जकातीचा काही भाग एकत्र केला, तर एका मुलीची वर्षाची फी, पुस्तके आणि बसचा पास निघू शकतो. वाचनालयासाठी, अभ्यासिकेसाठी इतर दान आहेच, आणि त्यात शेजारच्या हिंदू घरानेही हात लावला तर कुणाची हरकत असणार?

ईदची नमाज होण्याआधी फितरा द्यावाच लागतो. त्याच दिवसांत आपल्या गल्लीतल्या कोणत्या मुलाचे शिक्षण अडले आहे, याची चौकशीही व्हावी.