प्लास्टिक सर्जरीचं योग्य वय कोणतं? कुठे उशीर नडतो आणि कुठे घाई

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक म्हणजे नासिका कापली, म्हणून गावाचं नाव नाशिक पडलं. पंचवटीत येणाऱ्या प्रत्येकाला ही आख्यायिका ऐकायला मिळते. योगायोग असा की, प्लास्टिक सर्जरी या शास्त्राची सुरुवातही कापलेल्या नाकापासूनच झाली. सुश्रुतसंहितेत नाक पुन्हा तयार करण्याची पद्धत दिलेली आहे. १७९३ च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीपासून पुन्हा बनवलं गेलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची हकीकत छापून आली आणि युरोपातल्या डॉक्टरांनी ती पद्धत उचलली.

आज मात्र प्लास्टिक सर्जरी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते रील्स. टोकदार नाक, भरलेले ओठ, ‘बिफोर-आफ्टर’चे फोटो. त्यामुळे दोन उलट्या चुका होताना दिसतात. ज्या मुलाला लवकर ऑपरेशन हवं, त्याचे घरचे ‘मोठा झाला की बघू’ म्हणतात. आणि ज्याने थांबायला हवं, तो सोळाव्या वर्षीच क्लिनिक शोधू लागतो.

मग कोणत्या वयात नेमका कशाचा विचार करायचा?

पहिली दोन वर्षं : इथे उशीर नको

दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला आलेल्या बाळाच्या आईला पहिला प्रश्न विचारला जातो, “ग्रहणात काही चिरलं होतंस का?” याचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत चेहऱ्याचे भाग नीट जुळले नाहीत की असं होतं. त्यामागे आनुवंशिकता आणि इतर अनेक कारणं असतात. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाला हा त्रास असतो, असा अंदाज आहे.

ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यापासून करतात. बाळाचं वजन पाच किलोच्या आसपास आणि हिमोग्लोबिन १० असावं, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. टाळूचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांत होतं. कारण सरळ आहे, मूल बोलायला लागतं ते याच काळात. टाळू उघडी राहिली तर हवा नाकातून जाते, उच्चार गेंगाणे होतात आणि सवय एकदा बसली की ऑपरेशननंतरही ती मोडायला बराच काळ जातो. शाळेत चिडवणं सुरू होतं ते वेगळंच.

तोवर काय करायचं? टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला नीट ओढून पिता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला थोडं उभं धरून वाटी-चमच्याने आईचं दूध पाजता येतं. वजन वाढलं नाही तर ऑपरेशनही लांबतं.

सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतल्या कुटुंबांना नाशिक शहर लांब पडतं. पण सुरुवात गावातूनच होऊ शकते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्या यादीत आहे. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगितलं तर पुढची पाठवणी होते.

शाळेचं वय : मूल वाढतं, व्रण वाढत नाही

चुलीवरचं पाणी, चहा किंवा गरम तेल अंगावर सांडून मुलं भाजतात. जखम भरते, पण कातडी आखडते. मुलाचा हात वाढत राहतो, भाजल्याचा व्रण मात्र त्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे कोपर किंवा बोटं वाकडी राहू शकतात. म्हणूनच मुलांमध्ये असं ऑपरेशन एकदाच करून भागेल याची खात्री नसते.

बाहेर आलेल्या कानांचं गणित वेगळं आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत कानाची बरीचशी वाढ झालेली असते, त्यामुळे हे ऑपरेशन त्या वयातही करता येतं.

१३ ते १८ : इथे घाई नको

फक्त दिसण्यासाठी नाकाचं ऑपरेशन करायचं असेल तर हाडांची वाढ जवळपास पूर्ण व्हावी लागते. मुलींमध्ये ते वय साधारण १५-१६, मुलांमध्ये १७-१८ धरतात. वयात येताना अनेक मुलांची छाती वाढते. बहुतेकांची ती एक-दोन वर्षांत आपोआप कमी होते.

प्रश्न फक्त हाडांचा नाही. आपल्याकडे १८ वर्षांखाली पालकांची संमती लागते. पण संमती मिळाली म्हणजे गरज सिद्ध झाली, असं होत नाही. फोनचा कॅमेरा जवळ धरला की सेल्फीत नाक मोठंच दिसतं. फिल्टर तेच नाक बारीक करून दाखवतो. इंग्लंडने २०२१ पासून १८ वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर देण्यावर बंदी घातली आहे. एखादं मूल आरशातल्या एकाच दोषात अडकून शाळा, मित्र टाळत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

२० ते ४५ : पुढच्या आयुष्याचा हिशोब

विशीत केस विरळ झाले की हेअर ट्रान्सप्लांटचा विचार येतो. पण त्या वयात गळती थांबलेली नसते. पुढे लावलेले केस टिकतात, त्यांच्या मागचे गळत राहतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूने घेता येणाऱ्या केसांनाही मर्यादा असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे की, यूट्यूब पाहून हे ऑपरेशन शिकता येत नाही.

पोटाची सैल कातडी काढायची असेल तर पुढे मूल हवंय का, हे आधी ठरवावं. पुन्हा गरोदरपण आलं की पोट पुन्हा ताणलं जातं. लग्नाच्या तारखेआधी नाक करून घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागू शकतं.

साठीनंतर : वयापेक्षा तब्येत महत्त्वाची

‘आता या वयात कशाला?’ हा टोमणा बाजूला ठेवू. वरची पापणी इतकी उतरली की दिसायला अडथळा होतो, तर ते ऑपरेशन हौस ठरत नाही. तोंडाच्या कॅन्सरनंतर जबडा पुन्हा उभा करणं ही तर गरजच.

इथे शुगर, बीपी, हृदय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तपासाव्या लागतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बिडी, तंबाखू आणि मशेरी मात्र किमान चार आठवडे आधी सोडायला सांगतात. निकोटिनमुळे कातडीला रक्त कमी मिळतं आणि टाके भरत नाहीत.

खर्च आणि डॉक्टर

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या आणि व्यंग दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया आहेत. फक्त सौंदर्यासाठीच्या नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र माहिती देतात. डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा समकक्ष पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघावी.

ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : “दोन वर्षं थांबलो तर काय बिघडेल?” टाळू दुभंगलेल्या बाळाच्या बाबतीत उत्तर येईल, बोलणं. सोळा वर्षांच्या मुलीच्या नाकाच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर येईल, काहीच नाही.