चप्पल हुंगवू नका, श्वास तपासा!

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर भीमसागर उसळतो. रात्रभर प्रवास करून आलेला, तासन् तास रांगेत उभा राहिलेला एखादा बांधव अचानक कोसळतो. लगेच गर्दी जमते. कोणी म्हणतो फिट आली, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, कोणी तोंडात पाणी ओततो. पण तो श्वास घेतो आहे की नाही, हे कोणीच पाहत नाही!

१९५६ साली बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला अंधश्रद्धेच्या चिखलातून बाहेर काढले. मग आपल्या हातात ही चप्पल अजून कशी? आणि बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो, हे आपल्याला कोण सांगणार?

खरी पद्धत सोपी आहे. आधी गर्दी मागे सारा. त्याचे खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. त्याला उताणे निजवून कपाळावर हात ठेवा, डोके मागे झुकवा, हनुवटी वर उचला. आता आपला गाल त्याच्या तोंडाजवळ न्या. छाती वरखाली होते का पाहा, श्वासाचा आवाज ऐका, गालाला हवा लागते का बघा. यात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवून लक्ष ठेवा. श्वास नसेल, किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मधोमध तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब देत राहा. आचके म्हणजे श्वास नव्हे. इथेच लोक फसतात आणि जीव जातो.

ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना अनोळखी माणसाच्या तोंडाजवळ गाल नेण्याचा अर्थ समजावून सांगायला नको. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. करुणा म्हणजे केवळ वंदना नव्हे, ती कृती आहे.

म्हणून समता सैनिक दलाच्या प्रत्येक सैनिकाने आणि महिला मंडळाच्या प्रत्येक भगिनीने हे शिकलेच पाहिजे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा, जाणत्या डॉक्टरला वा परिचारिकेला बोलवा, प्रत्यक्ष करून पाहा. आपल्या महामानवाला अभिवादन करायला आलेला माणूस आपल्या अज्ञानापायी दगावता कामा नये.

जयभीम!