चित्र कुठवर पुरते?

जपानी कांजी चिन्हे चित्रांवरून शिकवण्याची पद्धत मला आवडते. झाडाचे चिन्ह पाहा: उभे खोड, आडवी फांदी, खाली तिरपी पसरलेली मुळे. दोन झाडे शेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. झाडाशेजारी माणूस आला की विश्रांती! एकदा पाहिले की विसरत नाही.

पण जपानी मुलांना प्राथमिक शाळेतच १०२६ चिन्हे शिकावी लागतात, आणि त्यांतली बहुसंख्य नुसती चित्रे नाहीत. तांब्याचे चिन्ह घ्या. डावीकडे 'धातू', उजवीकडे 'समान'. 'सगळीकडे सारखाच दिसणारा धातू' अशी गोष्ट रचून ते पाठ होईल. परंतु उजवा भाग तेथे अर्थासाठी नाही, 'दोऽ' हा उच्चार सुचवण्यासाठी आहे. तोच भाग पाण्याच्या खुणेशेजारी आला की गुहा होते, आणि चिनीतून आलेल्या शब्दांत तिचाही उच्चार 'दोऽ'च! गोष्टीच्या नादात हा दुवा हातचा जातो.

विजेचा प्रवाह नळातल्या पाण्यासारखा, असे मी वर्गात सांगतो. मग एखादा विचारतो, "सर, तार तुटली तर वीज सांडत का नाही?" चूक त्याची नाही, उपमा कोठे संपते हे मी सांगितलेले नसते. कांजी शिकवणाऱ्यानेही गोष्ट जरूर सांगावी, फक्त ती आपण रचली आहे हेही सांगावे.