आधी भरणा, मग सुनावणी

बड्या कंपनीला दंड झाल्याची बातमी ठळक छापून येते. तो वसूल झाला का, हे सहसा कोणी विचारत नाही. सिमेंट कंपन्यांचेच पाहा. संगनमताने भाव चढवल्याचा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने जून 2012 मध्ये अकरा कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. कंपन्या अपिलात गेल्या, 10 टक्के रक्कम भरून त्यांनी वसुलीला स्थगिती मिळवली. 2015 मध्ये प्रकरण फेरसुनावणीसाठी आयोगाकडे परतले, 2016 मध्ये पुन्हा दंड झाला, 2018 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा 10 टक्क्यांवरच स्थगिती मिळाली. खटला जितका रेंगाळेल तितका दंड झालेल्याचाच फायदा, हे गणित मोडायलाच हवे.

2023 च्या दुरुस्तीने स्पर्धा कायद्यात ते मोडण्याचा प्रयत्न झाला. दंडाच्या 25 टक्के रक्कम जमा केल्याशिवाय आता अपील विचारातच घेतले जात नाही. यात जगावेगळे काही नाही. जखमी कामगाराला मंजूर झालेल्या भरपाईविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात जायचे, तर रक्कम जमा केल्याचा दाखला अपिलासोबत जोडावाच लागतो. छोट्या कारखानदाराला जी शिस्त लागू आहे, ती हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्यांना जाचक कशी ठरते?

तरीही एका आक्षेपात तथ्य आहे. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. त्यामुळे अपील हीच कंपनीची न्यायपीठासमोरची पहिली संधी असते. थकीत कर्जदारांवर घातलेली 75 टक्के भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मार्डिया केमिकल्स प्रकरणात 2004 मध्ये याच स्वरूपाच्या कारणाने रद्द केली होती. पाऊण रक्कम आणि पाव रक्कम यांत फरक आहे हे खरे. पण डबघाईला आलेल्या उद्योगाला पावही पेलत नाही. फ्रान्सच्या दिवाणी प्रक्रियेत यावर तोडगा आहे. निकालाची अंमलबजावणी न करणाऱ्याचे अपील तेथे फेटाळत नाहीत, कामकाजाच्या यादीतून काढून ठेवतात. पूर्तता झाली की ते पुन्हा यादीवर येते. ऐपतच नसेल किंवा पूर्ततेचे परिणाम उघडपणे अतिरेकी ठरणार असतील, तर सूट मिळते. ही सूट कंजूषपणे दिली, तर काय होते हेही फ्रान्सने पाहिले आहे: 2000 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अशाच एका प्रकरणात त्याला दोषी धरले. आपल्या तरतुदीत अशी सवलत नाही. ती हवी; मात्र ताळेबंद तपासून आणि कारणे नोंदवूनच.

वचक एकतर्फी असून चालणार नाही. कंपनीने पैसे भरले, की घड्याळ न्यायाधिकरणावर लागले पाहिजे. हे जमते. गूगलला ऑक्टोबर 2022 मध्ये 1,337.76 कोटींचा दंड झाला. 10 टक्के भरण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत कायम ठेवला आणि 31 मार्चपर्यंत निकाल देण्यास न्यायाधिकरणाला सांगितले. निकाल 29 मार्चला लागला. त्यात दंड कायम राहिला, पण आयोगाचे काही निर्देश रद्दही झाले. म्हणजे रक्कम भरल्याने कंपनीची बाजू ऐकली जायची राहिली नाही. जमा रक्कम व्याजी ठेव म्हणून ठेवावी, जिंकणाऱ्याला ती व्याजासह परत द्यावी आणि सुनावणीची मुदत कायद्यातच लिहावी. एवढे केल्यावरही जो ऐपत असून भरणार नाही, त्याचे अपील यादीबाहेरच थांबलेले बरे.