थापी गवंड्याची, सिमेंट मालकाचं. मग सॉफ्टवेअर कुणाचं?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरची मुलं यात अडकलेली आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या नाशकात सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत, आर्किटेक्टच्या ऑफिसांत, छापखान्यांत, सीएंच्या केबिनबाहेर ड्रॉइंग, डिझाइन, हिशेब आणि डेटा एन्ट्री करणारी कितीतरी मुलं पगारपत्रकावर नाहीत. कुणी फ्रीलान्सर, कुणी एजन्सीमार्फत आलेलं, कुणी "सध्या सहा महिने बघू" या बोलीवर, तर कुणी नुसतंच इंटर्न. मी गेली पंधरा वर्षं अशाच ऑफिसांच्या कॉम्प्युटरची देखभाल करतो. कुठल्या मशीनवर काय बसलंय हे अनेकदा मालकापेक्षा मला जास्त माहीत असतं. नावं घेणार नाही, गरजही नाही. चित्र सगळीकडे साधारण सारखंच.

माणसं दहा, लायसन्स सहा. सहा कशी? तर पर्मनंट सहा. उरलेल्या चौघांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, "तुझा लॅपटॉप घेऊन ये." त्या लॅपटॉपवर काय आहे, कुठून आलंय, हे कुणी विचारत नाही. विचारायचं नसतंच! काम संध्याकाळपर्यंत हवं असतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम ६३ब खास कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल आहे. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी, फायद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. पण ऑफिसचं काम म्हणजे धंदाच की.

या कलमात "कर्मचारी" हा शब्द नाही. जी कुणी व्यक्ती वापरेल ती. म्हणजे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून दुसऱ्याच्या कारखान्याचं ड्रॉइंग काढणारा तेवीस वर्षांचा पोरगा थेट त्यात बसतो. कंपनीच्या हातून गुन्हा झाला तर जबाबदार माणसांनाही धरायची सोय कलम ६९ मध्ये आहे. पण "मला माहीत नव्हतं" किंवा "मी पुरेशी काळजी घेतली होती" हे सिद्ध केलं तर तो माणूस सुटू शकतो. पोरगा काय सिद्ध करणार? क्रॅक त्यानेच टाकलेला असतो.

थोडक्यात, लायसन्स मोजताना हा आपला माणूस नाही. काम घेताना आपला. भानगड झाली की पुन्हा नाही. हे मला खटकतं.

"मग त्याने विकत घ्यावं ना," असं काही जण म्हणतील. बरोबर, काही ठिकाणी घ्यायलाच हवं. गवंडी कामावर येताना थापी आणि ओळंबा स्वतःचा आणतो. घरमालक त्याला थापी घेऊन देत नाही. ज्या डिझायनरची पाच-सहा गिऱ्हाइकं आहेत, जो स्वतःचे दर स्वतः ठरवतो, स्वतःच्या घरी बसून काम करतो, त्याचं सॉफ्टवेअर ही त्याची थापी. तो खर्च त्याने दरात धरावा. क्रॅकवर काम करून दर पाडणारा फ्रीलान्सर लायसन्स घेणाऱ्या दुसऱ्या फ्रीलान्सरच्या पोटावर पाय देतो, हेही स्पष्ट बोललं पाहिजे.

पण जो रोज दहा ते सहा तुमच्या ऑफिसात बसतो, तुम्ही सांगाल तेच सॉफ्टवेअर आणि तेच व्हर्जन वापरतो, ज्याला दुसरं गिऱ्हाईक घ्यायची मुभा नाही, त्याच्यासाठी ते सॉफ्टवेअर थापी नाही. ते सिमेंट आहे, आणि सिमेंट मालक आणतो. एका ऑटोकॅडचं वर्षाचं भाडं त्या पोराच्या काही महिन्यांच्या कमाईइतकं होतं. पूर्वी एकदा पैसे भरले की सॉफ्टवेअर कायमचं आपलं व्हायचं. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये तशी नवी लायसन्स विकणं बंद केलं. अडोबीने तर २०१३ पासूनच भाड्याचा रस्ता धरला. दरवर्षीचं हे भाडं मानधनातून कसं निघणार?

काही मुलं मधला मार्ग काढतात. कॉलेजात असताना मिळालेलं स्टुडंट व्हर्जन वापरतात. ते फुकट असतं, पण शिकण्यासाठी. धंद्याच्या कामाला चालत नाही. ऑटोकॅडच्या जुन्या स्टुडंट व्हर्जनमधून प्रिंट काढली की कागदाच्या कडेला विद्यार्थी आवृत्तीचा शिक्काच उमटायचा. अशी ड्रॉइंग्ज गिऱ्हाइकापर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. तसंच मायक्रोसॉफ्टच्या होम अँड स्टुडंट ऑफिसचं. घरच्या वापरासाठी घेतलेलं, त्यावर कंपनीची कोटेशनं बनतात. मुलाला वाटतं, "मी तर पैसे भरलेत." भरलेत खरे, पण अट वेगळी होती.

गंमत म्हणजे कंत्राटी माणसाला लायसन्स देणं अवघडही नाही. कंपन्यांसाठीच्या बऱ्याच करारांत, कंपनीचं काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाला ते सॉफ्टवेअर वापरता येतं. फक्त तो मोजणीत धरायचा आणि जबाबदारी कंपनीने घ्यायची. म्हणजे दार उघडं आहे. आत बोलवायचं कुणी, एवढाच प्रश्न.

आता उलट बाजू. कंत्राटदाराने जे बनवलं ते कुणाचं? नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाचा. पण कंत्राटावर बाहेरून करून घेतलेला प्रोग्राम, लेखी काही नसेल तर, साधारणपणे लिहिणाऱ्याचाच राहतो. हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. किती दुकानदारांनी, संस्थांनी आपलं बिलिंगचं सॉफ्टवेअर "ओळखीच्या मुलाकडून" करून घेतलंय? कागद आहे का हातात? पैसे दिलेत म्हणजे सगळं आपलं झालं, असं नसतं.

आणि मुलांनो, तुमचीही एक जबाबदारी आहे. इंटरनेटवरून उचललेला कोड गिऱ्हाइकाच्या प्रॉडक्टमध्ये टाकलात तर त्याचं लायसन्स काय आहे ते लेखी कळवा. जीपीएलसारख्या परवान्याचा कोड असलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाने पुढे विकलं, तर सोर्स कोड देण्याचं बंधन त्याच्यावर येतं. त्याला ते आधी कळायला नको का?

याच जीपीएलचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जीपीएलचं सॉफ्टवेअर संस्थेच्या आत कितीही जणांनी वापरलं तरी ते "वाटप" होत नाही. पण बाहेर बसून काम करणाऱ्या कंत्राटदाराला प्रत दिली की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते वाटप ठरतं आणि परवान्याच्या अटी लागू होतात. त्यावर २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत सरळ तरतूद केली. फक्त तुमच्यासाठी बदल करून द्यायला तुम्ही कंत्राटदाराला प्रत देऊ शकता. त्याने तुमच्या देखरेखीखाली काम करायचं आणि त्याबाहेर तुमचा कोड वापरायचा नाही. बघा, फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरचा परवाना लिहिणाऱ्यांनी कंत्राटी माणसाचा विचार केला. आपल्या वर्क ऑर्डरमध्ये त्याच्यासाठी एक ओळ नाही.

आपल्याकडे हे तत्त्व नवीन नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितलं होतं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची. काम ज्याचं, त्याने हात झटकायचे नाहीत. तेच लायसन्सला लावा.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक वर्क ऑर्डरमध्ये चार ओळी घाला. कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं. त्याचं लायसन्स कोण देणार. तयार झालेलं काम कुणाच्या मालकीचं. आणि करार संपला की कुणी काय परत करायचं, काय काढून टाकायचं. आपल्या महापालिकेने, सहकारी बँकांनी, शिक्षण संस्थांनी सुरुवात केली तर बाकीचे मागोमाग येतील. आणि लायसन्स परवडतच नसेल तर लिब्रेऑफिस, इंकस्केप, गिम्प आहेत. मराठीसाठी मुंबईच्या एक टाईपचा "मुक्त" फॉन्ट खरोखरच मुक्त आहे. मात्र मग ".सीडीआर फाईलच पाहिजे" असा हट्ट धरू नका.

ज्यांची मुलं अशा कामावर जातात त्यांनी आज रात्री जेवताना एवढंच विचारा, "बाळा, तुझ्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर आहे?" उत्तर देताना तो अडखळला तर उद्या त्याला साहेबांकडे एक ईमेल टाकायला लावा. "या कामासाठी मला लायसन्स द्यावं ही विनंती." बोलणं हवेत विरतं, ईमेल राहतो.

मालक मंडळींची दुसरी बाजू असेल तर कमेंटमध्ये जरूर मांडा. भांडू, पण नीट भांडू.