कोल्ड फ्यूजन : आधी बंद कसं करणार ते सांगा!

कोल्ड फ्यूजनचं नाव काढलं की होस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "सगळी फेकाफेक आहे, खुशाल करा." दुसरी म्हणते, "नको रे बाबा, रेडिएशन लागेल!" माझ्या मते दोघांचंही भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय.

२३ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जाहीर केलं की जड पाण्यात पॅलॅडियमचा इलेक्ट्रोड ठेवून करंट सोडला तर फ्यूजनची उष्णता मिळते. त्याच वर्षी आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार, एम. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोग केले. न्यूट्रॉन आणि ट्रिशियम मिळाल्याचा अहवालही काढला. पण जगात इतरांना असा निकाल हुकमी मिळाला नाही, आणि आजही बहुतेक शास्त्रज्ञ तो मानत नाहीत. आता एक हिशोब करा. नेहमीच्या ड्यूटेरियम फ्यूजनमधून नुसती १ वॅट उष्णता निघाली, तरी सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन सुटतील. रीडिंग घ्यायला कोण उरणार?

माणूस गेला तो मात्र न्यूट्रॉनने नाही. २ जानेवारी १९९२ ला कॅलिफोर्नियात एसआरआय इंटरनॅशनलच्या लॅबमध्ये असाच एक सेल फुटला आणि अँड्र्यू रायली हा संशोधक जागीच ठार झाला. साठलेला ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन पेटला होता. म्हणजे शाळेतलं पाण्याचं विघटन, बस्स! हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही.

हे सांगायचं कारण, आमच्या विंगमधल्या एका ग्रुपला फायनल इयरला असला सेल करायचाय. पॅलॅडियम परवडत नाही म्हणून निकेल, आणि जड पाण्याऐवजी साधं पाणी. करा ना, मी नाही म्हणत नाही. पण मी वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाचा, त्यामुळे माझा पहिला प्रश्न एकच : लाइन गेली की काय? यांच्या डिझाइनमध्ये सेल बॅटरीवर आहे, रीडिंग तुटू नये म्हणून. आणि एक्झॉस्ट फॅन मेनवर! म्हणजे लाइन गेली की पंखा थांबणार आणि गॅस चालूच. फॅनची हवा थांबली की करंट आपोआप तुटला पाहिजे, एवढा एक रिले लावायला किती खर्च येतो? वर सेलचं तोंड "गळती नको" म्हणून घट्ट बंद केलेलं. गॅसला बाहेर जायला नळी हवी, आणि ती तुंबली तर प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह हवा. आणि पॅलॅडियम कुणी आणलंच, तर करंट बंद केल्यावरही पोटात घेतलेला गॅस ते सोडत राहतं, हवेत काढलं तर तापतं. तेव्हा स्विच ऑफ केला की लगेच झाकण उघडायचं नाही.

लॅबच्या सरांना एक विनंती. फॉर्मवर सही करण्याआधी थिअरी विचारू नका. मेन स्विच पाडा, आणि सेलच्या अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर येतो का ते बघा.