लडाखयात्रा : आधी श्वास, मग दर्शन

वार्षिक परीक्षा संपत आल्या की पुणे, नाशिक, ठाणे, डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतून उन्हाळी सहलीची चर्चा सुरू होते. एकेकाळी ती महाबळेश्वरला किंवा कोकणातल्या आजोळी जाऊन थांबत असे. आज ती थेट लडाखपर्यंत पोहोचते आणि ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. आपल्या देशाचा उत्तर सीमान्त भूगोलाच्या पुस्तकात रंगवण्यापुरता न उरता मुलांनी तो डोळ्यांनी पाहावा, यासारखे उत्तम शिक्षण दुसरे नाही. परंतु या चर्चेत प्रश्न बहुधा एकच असतो : सहा दिवसांत काय काय उरकता येईल? लेह, खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग, जमल्यास हानले, अशी यादी तयार होते, विमानाची तिकिटे काढली जातात, रजेचे अर्ज जातात. त्या भरगच्च यादीत एका गोष्टीला मात्र जागा मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे विश्रांती.

लडाखमध्ये विश्रांती हा चैनीचा विषय नव्हे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर विमान माणसाला काही तासांत नेऊन ठेवते. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच असते, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासागणिक कमी प्राणवायू पदरात पडतो. खारदुंग ला खिंडीत तर तो निम्म्यावर येतो. शरीराला या बदलाशी जुळवून घेण्यास काही दिवस लागतात आणि ते दिवस पैसे देऊन कमी करून घेता येत नाहीत. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली सूचना असते. स्वस्थ बसले असतानाही धाप लागू लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर फुप्फुसात वा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती चिन्हे असतात. अशा वेळी विलंब न करता रुग्णाला खाली आणणे हाच मुख्य उपाय असतो. रोज व्यायाम करणारा तरुणही यातून सुटत नाही. उलट 'मला काही होत नाही' या भ्रमात तोच अधिक सापडतो.

म्हणून सहलीचा आराखडा स्थळांच्या यादीपासून न आखता मुक्कामांच्या उंचीपासून आखला पाहिजे. वैद्यकशास्त्राचा संकेत साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याचे ठिकाण दररोज पाचशे मीटरहून अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. विमानाने लेहला उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस अक्षरशः काही करू नये. भरपूर पाणी प्यावे, हलके जेवावे, मद्य टाळावे, तिसऱ्या दिवशी शे किंवा ठिकसेचा मठ पाहावा. वेळ असेल त्यांनी श्रीनगरहून रस्त्याने जाणे अधिक शहाणपणाचे. झोजी ला ओलांडून द्रासमार्गे कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर पहिला मुक्काम होतो आणि लामायुरू, आल्ची पाहत पुढच्या दिवशी लेह गाठता येते. मनालीचा मार्ग २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून सुकर झाला खरा, पण त्यावरील सरचूचा मुक्काम लेहपेक्षाही कितीतरी उंचावर, ४,२०० मीटरच्या पुढे पडतो. हा मार्ग जाताना न निवडता, शरीराला सवय झाल्यावर परतीसाठी ठेवावा. नुब्रा खोऱ्यातील दिस्कित लेहपेक्षा सखल आहे. त्यामुळे खारदुंग ला येथे अधिक वेळ न रेंगाळता नुब्रात मुक्काम करावा आणि पँगाँग सर्वांत शेवटी ठेवावा. घरातील ज्येष्ठांना हृदयाचे, श्वसनाचे वा रक्तदाबाचे दुखणे असेल, तर तिकिटे काढण्याच्या आधी डॉक्टरांना विचारावे. उंचीवरची औषधेही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत.

यावर नोकरदार माणसाचा आक्षेप ठरलेला असतो : इतकी रजा कोण देणार? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दिवस कमी असतील तर स्थळे कमी करावीत, विश्रांती नव्हे. पँगाँग राहिले म्हणून लडाख पाहिले नाही असे होत नाही. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगात ते सरोवर दिसले आणि तेव्हापासून तेथे छायाचित्र काढणे हाच अनेकांच्या सहलीचा हेतू होऊन बसला. सहा दिवसांत लेह आणि सिंधूकाठची गावे निवांत पाहणारे कुटुंब, दीड दिवस मोटारीत आणि उरलेला वेळ डोकेदुखीत घालवणाऱ्या कुटुंबापेक्षा कितीतरी अधिक घेऊन घरी येते.

दुसरा विचार पाण्याचा. लेहमध्ये वर्षाकाठी साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. शेती चालते ती हिमनद्यांच्या वितळणाऱ्या पाण्यावर. ते पाणी गावागावांत पाळीने वाटले जाते आणि त्याची राखण करणाऱ्याला तेथे चुरपोन म्हणतात. कोरडी शौचकूपे ही तेथील जुनी, शहाणी व्यवस्था. पाणी खर्ची पडत नाही आणि शेताला खतही मिळते. १९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुले झाले आणि हळूहळू शहरी न्हाणीघरेही तेथे पोहोचली. २०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक पर्यटक तेथे गेले. चेवांग नॉर्फेल यांच्यासारख्या अभियंत्याने कृत्रिम हिमनद्या उभारून वसंतातील पेरणीसाठी पाणी राखले आणि २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा भूमीत दिवसातून दोनदा शॉवरखाली उभे राहणे शोभत नाही. मराठवाड्यातील टँकरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. घरून नेलेल्या बाटलीत उकळलेले वा गाळलेले पाणी भरून घ्यावे, कचरा परत आणावा, स्थानिक कुटुंबाच्या घरी उतरावे, म्हणजे दिलेला पैसाही त्याच गावात राहतो.

तिसरा आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय सीमेचा. द्रासला तोलोलिंगच्या पायथ्याशी १९९९ च्या युद्धातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. चुशूलजवळ रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊंच्या त्यांच्या तुकडीने शेवटच्या गोळीपर्यंत लढून प्राण ठेवले. तेथे मुलांना न्यावे, पण आधी घरी तो इतिहास वाचून न्यावे, अन्यथा स्मारक हेही केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी ठरते. २६ डिसेंबर २०२४ रोजी पँगाँगच्या काठी, १४,३०० फुटांवर लष्कराने छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले. प्रत्येक मराठी कुटुंबाचे पाऊल आता तिकडे वळणार, हे स्वाभाविक आहे. तथापि, स्थानिकांना विश्वासात न घेता पुतळा उभारला गेला, अशी खंत चुशूलच्या लोकप्रतिनिधीने त्या वेळी जाहीरपणे व्यक्त केली, हेही विसरून चालणार नाही. त्या खंतीला उत्तर वादविवादाने मिळणार नाही, ते आपल्या वागण्याने द्यावे लागेल. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, असा दंडक सैन्याला घालून देणाऱ्या राजाच्या नावाने घोषणा द्यायच्या आणि त्याच सरोवराच्या काठी प्लास्टिकच्या बाटल्या टाकायच्या, ही विसंगती तेथील चांगपा मेंढपाळालाही कळते. २०२२ मध्ये काही पर्यटकांनी आपली मोटार थेट पँगाँगच्या पाण्यात घातल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या प्रसंगाने खाली गेलेली मान सर्वच पर्यटकांची होती.

तेव्हा यंदा लडाखचा नकाशा पसरून बसणाऱ्या कुटुंबांनी पहिली ओळ विश्रांतीची लिहावी, दुसरी पाण्याची, तिसरी तेथील माणसांची. स्थळांची नावे त्यानंतर लिहावीत आणि जी मावणार नाहीत ती पुढच्या खेपेसाठी निःशंक ठेवावीत. हिमालय कोठेही जात नाही. त्याच्या भेटीला निघालेली आजी आणि नातू दोघेही सुखरूप परत यावेत आणि लेहमधील ज्या घरात ते उतरले, त्या घराने निरोप देताना 'पुन्हा या' असे मनापासून म्हणावे, एवढे साधले तरी ती यात्रा सफल झाली असे समजावे.